कापून टाकलेली पट्टी

कुमुद खांबेट्यांच्या हाताला तोड नाही, हे गुडगावच्या त्या हार्ट क्लिनिकमध्ये डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळेच मान्य करत. बाई करोलबागेत वाढलेल्या, संसार गाझियाबादला. रोज तीन बस बदलून यायच्या, पण नऊला मशीनपाशी हजर! मशीन जुनं, एका वेळी एकच ओळ काढणारं. ईसीजीची लांबलचक पट्टी बाहेर पडायची आणि कुमुदताई तिचे चांगले तुकडे कापून कार्डावर चिकटवायच्या. पेशंट हलला, खोकला, की तेवढा भाग खराब यायचा. तो कचऱ्यात. डॉक्टर बघायचे फक्त कार्ड. "तुमचं कार्ड कसं स्वच्छ असतं!" असं डॉक्टर विश्वनाथ म्हणाले, की बाई दिवसभर हवेत.

त्या सोमवारी मानेसरच्या एका कारखान्याने बेचाळीस धावपटू तपासणीला पाठवले. कंपनीची टीम निवडायची होती, आणि टीममध्ये येईल तो पर्मनंट. एकतिसावा आला मल्हारी. सुभेदाराचा मुलगा, दिल्लीच्या कॅन्टोनमेंटमध्ये वाढलेला. बाईंचं मराठी कानावर पडताच खुलला.

"मावशी, नीट काढा हं. दोन वर्षं टेम्पररीत घासतोय. उद्याची शर्यत मारली की पक्की नोकरी."

पट्टीवरची रेघ मध्येच वेड्यासारखी उड्या मारायला लागली.

"अरे, हलतोस काय? बाहेर अकरा जण ताटकळलेत."

"मी कुठं हललो?"

"गप पड बघू."

पुन्हा काढली, छान आली. तीच कार्डावर चिकटली आणि डॉक्टरांनी 'फिट' म्हणून सही ठोकली.

मंगळवारी झाडूवालीची दांडी. दुपारी डबा खाऊन कुमुदताई तुडुंब भरलेली टोपली दाबायला गेल्या, तर एक तुकडा खाली पडला. उचलून त्यांनी तो उजेडात धरला. ओळीने सात ठोके, रुंद, वेडेवाकडे. पण त्यांच्या आधीची आणि नंतरची रेघ? नेहमीसारखी, जराही न थरथरलेली. माणूस हलला तर सगळीच रेघ थरथरते, हे त्यांना झोपेतही कळलं असतं. मागे त्यांच्याच अक्षरात पेशंटचा आकडा: ३१. म्हणजे मल्हारी. हे हृदयच भरकटत होतं, आणि असलं हृदय जोरात पळताना थांबूही शकतं.

बाईंनी घड्याळ पाहिलं. शर्यत चारला, आता सव्वातीन. डॉक्टर दिल्लीला मीटिंगमध्ये. कारखान्याला फोन लावला तर गेटवरचा गार्ड म्हणाला, "मैडम, सब ग्राउंड पे हैं, पाँच बजे के बाद करना."

तुकडा फाडला असता तर? कोणाला कळणार होतं? खरं सांगायचं तर, हे बाईंच्या मनात आलं. नोकरी जाईल, इतक्या वर्षांचं नाव मातीत जाईल, हेही आलं. पण मल्हारीचं ते खुललेलं, हसरं तोंड काही केल्या डोळ्यांपुढून हलेना. तुकडा मुठीत धरून त्या धावत रस्त्यावर आल्या आणि मानेसरच्या शेअर ऑटोत घुसल्या. ऑटोवाला सीट भरेपर्यंत हलेना, तेव्हा अख्ख्या आयुष्यात दिली नव्हती अशी हिंदी शिवी त्यांनी त्याला हासडली.

पोचल्या तेव्हा शर्यत निम्मी झाली होती. कारखान्यामागचं धुळीचं मैदान, कडेला ओरडणारे कामगार, आणि सगळ्यांच्या पुढे मल्हारी. घड्याळ धरून उभ्या असलेल्या मॅनेजरला त्यांनी धापा टाकत सांगितलं, "रोको उसको, दिल में खराबी है!"

"मैडम, आपकी ही रिपोर्ट में फिट है," तो म्हणाला आणि पुन्हा घड्याळात बघू लागला.

मग बाई सरळ वाटेत उतरल्या आणि हात पसरून उभ्या राहिल्या. मल्हारी बगल देऊन निघाला, तशी त्यांनी त्याची बनियन दोन्ही मुठींत पकडली. दोघंही धुळीत आदळले.

"सोडा मला! वेड लागलंय का?"

"कार्ड चुकलंय रे तुझं. मीच चुकवलंय. तुझं हृदय ठीक नाहीये. एक पाऊल टाकू नकोस आता."

बाकीचे एकेक करत पुढे निघून गेले. कुमुदताईंनी त्याचं मनगट धरलं. दोन ठोके, मग काहीच नाही, मग एकदम धांदल.

"गाडी लाओ कोई!" त्या किंचाळल्या.

मल्हारी पळणाऱ्यांकडे बघत लहान पोरासारखा रडत होता. "मावशी, मी पहिला होतो."

"होतास रे, राजा," म्हणताना त्यांनाही रडू फुटलं. मनगट मात्र त्यांनी सोडलं नाही.