क्षमा केली आहे, शेवट बदलून पाठवा

संपादक झाल्यावर मी आधी लेटरहेड छापून घेतलं, मग अंकाचा विचार केला. मंगळवार पेठेतली आमची बाहेरची खोली हे त्रैमासिकाचं कार्यालय. म्हणजे वडील पेपर वाचून उठले की त्यांची खुर्ची. तिथं बसून मी दुप्पट वयाच्या माणसांना कसं लिहावं ते पत्रानं शिकवत असे. आज नातीनं असं कुणाला कळवलं तर मी तिचे कान उपटीन.

पहिल्या दिवाळी अंकासाठी जयसिंगपूरहून एका बाईंची कथा आली. तरणा मुलगा गेलेली आई बरेच दिवस अन्नाला नुसती शिवते आणि एका संध्याकाळी पोटभर जेवते. ताट विसळून पालथं घालते. संपली कथा. आलेल्या ढिगात तेवढीच खरी होती, हे कळण्याइतकी अक्कल मला होती. त्यापुढची नव्हती. मी कळवलं, शेवट फिका वाटतो, आईला नदीकडे न्यावं. बाईंचं कार्ड आलं : "ती नदीकडे जात नाही." मी दोन पानं भरून शोकात्म जाणीव समजावली. पुन्हा कार्ड : "ती जेवते." मग मी लिहिलं, नवोदितांना हट्ट शोभत नाही. त्यावर उत्तरच नाही. त्या कथेशिवाय माझा अंक म्हणजे जाहिराती आणि माझं लांबलचक संपादकीय.

भाद्रपद सरता सरता एक छापील कार्ड आलं. कळत-नकळत आपलं मन दुखावलं असल्यास आम्ही क्षमा मागतो, अशा अर्थाचं. खाली बाईंची सही. झालं, मी जिंकले! लगोलग उत्तर टाकलं : "क्षमा केली आहे. नवोदितांकडून असे होते. आता शेवट बदलून पाठवा."

ते कार्ड मी छापखान्यात मिरवायला नेलं. मालक जैन. त्यांनी कार्ड बघितलं, मग माझ्याकडं.

"ताई, ही आमची क्षमावाणी. पर्युषण संपलं की समद्यांस्नी धाडतो. व्याह्याला, दूधवाल्याला, कोर्टात भांडणाऱ्या भावाला. तुमच्या वडलांनाबी माझं आलंय की."

"मग उत्तर काय द्यायचं?"

"आपणबी क्षमा मागायची. तुम्ही काय लिवलं?"

मी सांगितलं. आधी ते पोट धरून हसले. मग कार्ड माझ्या हातात परत दिलं. "आता कथा मिळत न्हाई बघा तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी एस्टीनं जयसिंगपूर गाठलं. कापडाच्या दुकानामागं घर. बाई माझ्या आईच्या वयाच्या.

"तुम्ही संपादक? अगं बाई, पोरच हाय की! मला वाटलं, कोण म्हातारा मास्तर असंल." आणि हसून म्हणाल्या, "तुमची क्षमा पोचली हां."

बसमध्ये पाठ केलेलं माफीचं वाक्य सुरू करणार, तोच नजर वर गेली. भिंतीवर नुकतं मिसरूड फुटलेल्या मुलाचा फोटो होता. फोटोला हार.

"धाकटा," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणलात तिला नदीला न्या. गेलते की मी कृष्णेवर. पाण्यात पाय सोडून बसले. आणि भूक लागली. पोरगा गेलाय आणि मला भूक लागली! त्याची लाज वाटली, ती लिवली. तुम्ही तीच काढायला सांगताय."

"मला क्षमा करा," मी म्हटलं. "एक शब्द न हलवता छापते. द्याल?"

त्यांनी दुकानाच्या बाजूला बघितलं. तिथं त्यांचे यजमान गिऱ्हाईकाला कापड उलगडून दाखवत होते.

"ह्यांनी अजून धड जेवण केलं न्हाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी जेवते, तर माझ्याकडं बघत न्हाईत. तोंडानं सांगायला जमत न्हाई मला. छापून आलं तर वाचतील. आलेला कागद वाचल्याबिगर ठेवत न्हाईत ते."

कथा होती तशी छापली. शेवट कळला नाही, अशी वाचकांची पत्रं आली. एरवी मी त्यांना दोन-दोन पानं समजावलं असतं. त्या वर्षी कुणालाच काही लिहिलं नाही.

दिवाळीनंतर जयसिंगपूरचं कार्ड आलं. "अंक पोचला. ह्यांनी दोनदा वाचला. रोजच्यासारखं मी विचारलं, आमटी वाढू का. वाढ म्हणाले."