हात वर केला की थांबेन

"बेन, पेला भाई तो गया," हंसाबेन दारातून म्हणाली.

मी हातमोजे चढवून, इंजेक्शन भरून तयार होते. खुर्ची रिकामी होती. दिलीप जाधव तिसऱ्यांदा पळाले होते. खिडकीतून खाली पाहिलं. रावपुऱ्याच्या गर्दीत त्यांची बायको वैशाली स्कूटरपाशी उभी राहून त्यांना सुनावत होती. ते मान खाली घालून ऐकत होते.

मी बडोद्यात सत्तावीस वर्षं दातांची डॉक्टर आहे. क्लिनिक रावपुऱ्यात, पहिल्या मजल्यावर. हंसाबेन पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे. पेशंटला नंबर देणं, फोन करणं, तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळी धरणं, सगळं तीच बघते. घाबरणारे पेशंट आम्हाला नवे नव्हते. रडणारे पाहिले होते, चक्कर येणारे पाहिले होते. एकीने माझ्या बोटाला चावा घेतला होता. पण जाधवांसारखा माणूस पाहिला नव्हता.

वय बेचाळीस. छाणीला त्यांचं लेथ मशीनचं वर्कशॉप. अंगाने दणकट. एकदा मशीनमध्ये बोटाचं टोक गेलं, तेव्हा बोटाला फडकं गुंडाळून हे स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात गेले होते, असं वैशालीने सांगितलं. आणि माझ्या खुर्चीत बसले की पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटायचा.

काम अगदी साधं होतं. डावीकडच्या खालच्या दाढेत कीड. दाताला कीड लागली की तेवढा भाग मऊ पडतो. तो ड्रिलने काढायचा, खड्डा साफ करायचा, त्यात दाताच्या रंगाचं मटेरियल भरायचं आणि निळ्या लाइटने कडक करायचं. यालाच फिलिंग म्हणतात. पंचवीस मिनिटांचं काम. एक्स-रेमध्ये कीड आतल्या नसेपासून लांब दिसत होती. म्हणजे रूट कॅनालची सुद्धा गरज नव्हती. अजून सहा महिने गेले असते तर तेही करावं लागलं असतं.

चौथ्यांदा मी त्यांना मुद्दाम दुपारी बोलावलं. खुर्चीत न बसवता बाहेरच्या बाकावर बसवलं.

"आज काही करणार नाही," मी म्हटलं. "नुसतं बोलू."

वैशाली म्हणाली, "मॅडम, ह्यांचे पणजोबा फौजेत होते म्हणून सासरे अजून सांगतात. आणि हे बघा!"

जाधव हसले नाहीत. मी वैशालीला खाली जाऊन चहा घेऊन यायला सांगितलं. ती जिना उतरल्यावर त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "शाळेत डॉक्टर आले होते. तपासायला. मी आठ वर्षांचा होतो. म्हणाले, दात काढायला पाहिजे. मी नाही म्हणालो. तर दोन जणांनी हात धरले. एकाने डोकं. मी ओरडत होतो आणि बाहेर पोरं हसत होती."

"कुणाला सांगितलं होतं हे?"

"काय सांगणार? दात तर निघाला ना."

मी म्हटलं, "दिलीपभाऊ, माझ्याकडे तुम्हाला कोणी धरणार नाही. काम चालू असताना तुम्ही डावा हात वर करायचा. हात वर केला की मी थांबेन. कारण विचारणार नाही."

"लगेच?"

"लगेच."

ही आमच्या धंद्यातली जुनी पद्धत आहे. कॉलेजात शिकवतात. पेशंटच्या हातात ब्रेक दिला की त्याची भीती निम्मी होते. मी हे शेकडो पेशंटना सांगितलं असेल.

मग मी त्यांना आत नेलं आणि एअरोटर हातात दिला. एअरोटर म्हणजे आमचं हवेवर चालणारं ड्रिल. लोकांना त्याच्या आवाजाचीच जास्त भीती असते. जाधवांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"किती आरपीएम?"

"तीन लाखांच्या वर."

"तीन लाख!" पहिल्यांदाच त्यांचा चेहरा खुलला. "माझं लेथ दोन हजारावर जात नाही. एवढ्याशा ह्याच्यात बेअरिंग कुठे बसवलंय?"

मी त्याचं डोकं उघडून दाखवलं. वैशाली चहा घेऊन वर आली तेव्हा आम्ही दोघं टॉर्च लावून बेअरिंग बघत होतो. त्या दिवशी ते पळाले नाहीत. सावकाश जिना उतरून गेले.

पाचव्या वेळी ते एकटे आले. खुर्चीत बसले आणि स्वतःच तोंड उघडलं. इंजेक्शन दिलं. डोळे घट्ट मिटून घेतलं, पण घेतलं. दहा मिनिटांनी ओठ जड झाला. मी एअरोटर सुरू केला. मध्ये एकदा हात वर झाला. मी थांबले. त्यांनी चूळ भरली, श्वास घेतला, मान हलवली. पुन्हा सुरू केलं. दुसऱ्यांदा हात वर झाला. पुन्हा थांबले. हंसाबेनने मास्कच्या वरून माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

कीड जवळजवळ निघाली होती. तळाशी, एका कोपऱ्यात, मऊसर भाग राहिला होता. एअरोटर दोन-तीनदा फिरवला की झालं असतं. मी तिथे टेकवला आणि हात वर झाला.

त्या क्षणी मी काय विचार केला ते मला स्पष्ट आठवतं. दाढ बधिर आहे, म्हणजे दुखत नसणार. ही भीती आहे. आता थांबले तर हे उठतील, आणि उठले तर परत येणार नाहीत. इतकं जवळ येऊन सगळं फुकट जाईल.

"झालंच, झालंच. दोन सेकंद," मी म्हटलं आणि चालू ठेवलं.

दोन सेकंद नव्हते. पंधरा-वीस असतील. त्यांचा हात वरच होता. मग तो हळूहळू खाली आला. त्यांनी अंग हलवलं नाही, आवाज काढला नाही. डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. हंसाबेनने ते टिश्यूने टिपलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

फिलिंग उत्तम झालं. वरची-खालची दाढ एकमेकींवर बरोबर बसली. मी आरसा धरून दाखवलं. "बघा, कुठे केलंय ते कळतंय तरी का?"

"नाही कळत," जाधव म्हणाले. "थँक यू, मॅडम."

उजवीकडच्या शेवटच्या खालच्या दाढेतही थोडी कीड होती. मी पंधरा दिवसांनंतरची अपॉइंटमेंट दिली. संध्याकाळी वैशालीचा फोन आला. "तुम्ही जादू केलीत!" मला फार बरं वाटलं. त्या आठवड्यात सुभानपुऱ्यातल्या एका डॉक्टर मैत्रिणीला मी ही केस रंगवून सांगितली. हात वर राहिल्याचं तेवढं सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी जाधव आले नाहीत. हंसाबेनने फोन केला. वर्कशॉपमध्ये ऑर्डर आहे, म्हणाले. महिन्याने केला, गावाला आहे म्हणाले. तिसऱ्या वेळी उचललाच नाही. आम्ही कार्ड बाजूला ठेवलं. असे पेशंट असतात, असं मी म्हटलं.

दीड वर्ष गेलं. एका सकाळी वैशालीचा फोन आला.

"मॅडम, ह्यांचं तोंड उघडत नाहीये. परवापासून हनुवटीखाली सूज होती, आज पूर्ण गळा सुजलाय. थुंकी गिळता येत नाही. गालावरून ओघळतेय."

"बोलतायत का?"

"बोलतात, पण आवाज वेगळाच येतोय. तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखा. तुमच्याकडे आणू?"

"नाही. माझ्याकडे एक मिनिट घालवू नका. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीमध्ये न्या. बसवून न्या, आडवं करू नका. मी तिथेच येते."

दाढेच्या मुळाशी पू झाला की कधीकधी तो खाली जिभेच्या तळाशी आणि गळ्यात पसरतो. जीभ वर आणि मागे ढकलली जाते. श्वासाची वाट बंद होऊ शकते. पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. माझ्या पेशंटमध्ये मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी निघताना हंसाबेन जिन्यापर्यंत आली. "बेन, ते भाई खाली आले होते," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात. दोनदा. जिन्यापाशी उभे होते. मला वाटलं येतील वर. मी पाणी भरून परत बघितलं तर नव्हते."

हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा त्यांना ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं होतं. सर्जनने गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातली, जबड्याखाली दोन्ही बाजूंनी चिरा देऊन पू काढला. उजवीकडची शेवटची दाढ आणि तिच्या शेजारची, दोन्ही काढल्या. वैशाली बाहेर बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर औषधांची प्लास्टिकची पिशवी होती. वेदनाशामक गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. मेडिकल स्टोअरमधून परस्पर घेतलेल्या अँटिबायोटिकच्या अर्धवट पट्ट्या.

"वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये सापडल्या," ती म्हणाली. "मला म्हणत होते, दात एकदम फर्स्ट क्लास आहेत. मी पणजोबांवरून किती बोलायचे ह्यांना, मॅडम. म्हणूनच नाही ना सांगितलं?"

उत्तर मला माहीत होतं, आणि ते तिच्याबद्दल नव्हतं.

आठ दिवस ते आयसीयूत होते. पाचव्या दिवशी मला आत सोडलं. गळ्यात नळी असल्याने बोलता येत नव्हतं. उशाशी वही आणि पेन होतं. मी स्टूल ओढून बसले.

"दिलीपभाऊ, माझी चूक झाली. तुम्ही हात वर केला होता. मी थांबायला हवं होतं."

त्यांनी वही घेतली. अक्षर वेडंवाकडं होत होतं. एक ओळ लिहून ते थांबायचे, मग पुढची.

"शाळेत धरलं होतं."

"तुमच्याकडे कोणी धरलं नव्हतं."

"मी उठू शकत होतो."

मग त्यांनी लिहिलं, "आता थांबाल, आता थांबाल, असं वाटत राहिलं."

वही मिटून त्यांनी डोळे मिटले. नर्सने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा मी उठले.

जाधव वाचले. जबड्याखाली व्रण आहे, आवाज थोडा घोगरा झाला आहे. वर्कशॉप चालू आहे. वैशाली दात साफ करून घ्यायला माझ्याकडे येते. ते येत नाहीत. ते कुठल्याच डॉक्टरकडे जात नाहीत. दिवसातून चार वेळा ब्रश करतात, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. भाकरी दुधात कुस्करून खातात. वरचा एक दात काळा पडत चालला आहे, असं ती सांगते. पूर्ण भूल देऊन काम करणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर मी तिला दिला. त्यालाही वर्ष होऊन गेलं. "विषय काढला की उठून वर्कशॉपला जातात," ती म्हणते. दुसरा काही उपाय आहे का, असं ती दर वेळी विचारते. माझ्याकडे नाही.

माझ्याकडे नव्याने काम शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना मी आता एकच गोष्ट पहिल्या दिवशी सांगते. फिलिंग अर्धवट राहिलं तर काही बिघडत नाही. कीड थोडी शिल्लक असली तरी वरून तात्पुरतं सिमेंट लावून पेशंटला घरी पाठवता येतं. महिनाभर आरामात टिकतं. ते लावायला पाच मिनिटं लागतात.

जाधवांचा हात वर होता त्या दिवशी माझा पुढचा पेशंट यायला अर्धा तास होता.