उंदराच्या कपाळावरचा टिळा

हसणार नसाल तरच सांगतो. हसणारच तुम्ही, तोंडावरनं दिसतंय. जाऊ दे, आमच्या भाईंदर वेस्टच्या अर्ध्या पोरांना माहितीच आहे, मग तुम्हीच काय घोडं मारलंय? चहा येईपर्यंत ऐका. अशी फजिती आयुष्यात झाली नव्हती माझी. आणि हे कोण बोलतंय? दहावीला गणितात दोनदा उडालेला, सतरा वर्षांचा माणूस बोलतोय!

तर आमच्या किचनमध्ये उंदीर शिरला.

आता उंदीर कोणाच्या घरी नसतो? पण टायमिंग बघा. गणपती तोंडावर आलेले. आणि आमच्या बिल्डिंगच्या गणपतीच्या मोदकांची ऑर्डर यंदा पहिल्यांदा आईला मिळालेली. दरवर्षी मार्केटमधल्या मिठाईवाल्याकडून यायचे. यंदा आईने कमिटीला सॅम्पल चारलं आणि सगळे गार! रोजचा नैवेद्य आईचा, शेवटच्या दिवशीचा महाप्रसाद पण आईचा. आई स्टीलच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. दिवसभर उभं राहून पाय असे सुजायचे तिचे, की चप्पल निघायची नाही. म्हणायची, "ही ऑर्डर नीट पार पडली ना, की कारखाना सोडते. घरूनच करीन मोदक, पुरणपोळ्या."

आणि अशात ओट्याखाली खुडबुड, खुडबुड.

"कोणाला बोललास तर तंगडं तोडीन," आई कुजबुजली. "किचनमध्ये उंदीर आहे असं परबांना कळलं तर ऑर्डर गेलीच समज."

परब काका म्हणजे आमचे सेक्रेटरी. लिफ्टमध्ये कोण पादलं त्याची पण नोटीस लावेल असा माणूस.

"मग औषध टाकू?" मी विचारलं.

"गणपतीच्या तोंडावर त्याचं वाहन मारतोस मेल्या? पिंजरा लाव. आणि हळू बोल, त्याला ऐकू जातं."

घ्या! उंदराला मराठी कळतं, आणि मला गणित कळत नाही.

पिंजऱ्यात लावायला मी सुका बोंबील मागितला. श्रावण चाललेला! आईने असं बघितलं, वाटलं आता मलाच पिंजऱ्यात लावते. शेवटी सॅम्पलसाठी केलेल्या मोदकाचं सारण लावलं. ताजं खोबरं, गूळ, वेलची, जायफळ. मला बोट चाटायला मिळालं नव्हतं, उंदराला गोळाच्या गोळा!

सापडला बिचारा.

"खाडीपर्यंत जा आणि सोड," आई म्हणाली. "जवळ सोडलास तर परत येतो."

आता तुम्हीच सांगा, एवढ्या उकाड्यात उंदराला घेऊन कोण खाडीवर जाणार? तो काय सेल्फी काढणार होता? मी बिल्डिंगच्या मागे पंपरूमपाशी पिंजरा उघडला, नाक्यावर वडापाव खाल्ला आणि दमल्यासारखं तोंड करून वर आलो.

"सोडलास?"

"पार पाण्यापर्यंत गेलो. पोहत गेला तो."

दुसऱ्या दिवशी परत खुडबुड. परत सारण. परत सापडला.

"तोच आहे हा," आई म्हणाली.

"काहीपण! हा वेगळा आहे. याचं तोंड बघ, लांबट आहे."

"तुझंच तोंड लांबट करीन. खाडीवर गेलाच नव्हतास तू."

इज्जतीचा सवाल झाला ना! आणि खरं सांगू? मला पण डाउट यायला लागला. तोच येतोय की त्याचा भाऊ? म्हटलं, खूण करूया. ताईच्या ड्रॉवरमधनं तिची लाल नेलपॉलिश उचलली आणि पिंजऱ्यापाशी बसलो. शेपटीला लावणार होतो. पण साहेब आत गरागरा फिरले आणि जाळीतून नेमकं तोंड बाहेर काढलं. टप्! ठिपका कपाळावर. बरोब्बर मधोमध. एवढा गोल की ताईला नखावर पण जमत नाही.

आणि मग सोडला कुठे? पंपरूमच्या मागे. माणूस सुधारत नाही हो.

पण गंमत बघा, यावेळी तो परत आला नाही. आई खूश, मी खूश, सारण सेफ. तो आला कसा नाही याचा विचार मी केला असता, तर आज तुम्हाला हे सांगत बसलो नसतो. आमचा गणपती बसतो पार्किंगमध्ये. पंपरूमच्या भिंतीला लागून!

पहिल्या दिवशीची आरती. सगळी बिल्डिंग खाली. झांजा जोरात, माझा आवाज त्याहून जोरात. आणि मखराच्या मागून साहेब बाहेर आले.

पहिल्या मजल्यावरच्या शहा आंटींनी पहिल्यांदा बघितलं. "अरे चूहा! चूहा!" करत त्या खुर्चीवर चढल्या. मग वाकून नीट बघितलं आणि खुर्चीवरूनच हात जोडले. "अरे देखो तो! तिलक!"

झांजा बंद. बाप्पाच्या पायाशी टिळा लावलेला जिवंत उंदीर!

समोर पेढे, लाडू, काजू कतली, सगळं मांडलेलं. त्याने पेढ्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. काजू कतलीवर पाय देऊन पुढे गेला. आणि थेट आईचा मोदक उचलला. दोन्ही हातांनी!

का नाही उचलणार? दोन दिवस त्याच सारणावर पोसलेलं जनावर ते! पण हे लोकांना कुठे माहिती?

"बाप्पाच्या उंदराला फक्त यांचेच मोदक चालतात!" कोणीतरी ओरडलं. झालं. रील निघाला, शेजारच्या बिल्डिंगवाले बघायला आले. उंदराला दर्शनाची लाइन, आणि आईच्या फोनला दम नाही. "वहिनी, आमच्या घरच्या गणपतीला पण करा ना." "भाभी, हमारे लिए भी." आई रात्रंदिवस मोदक वळतेय आणि गालात हसतेय. मला एकदाच विचारलं तिने, "तो टिळा कसला रे?"

"मला काय माहिती? बाप्पाची करणी."

आईने हात जोडले. मी पण जोडले. मला वाटलं, चला, आपल्या हातून पहिल्यांदा काहीतरी चांगलं झालं.

पण नेलपॉलिश ती नेलपॉलिशच! उंदीर इकडे डोकं घास, तिकडे घास. तिसऱ्या दिवशी आरतीला आला तर टिळा पुसट.

परब काका चष्मा सारखा करून वाकले. मान हलवली. "टिळा फिका पडलाय. लक्षण बरं नाही. कुठेतरी खोट आहे."

"कुठे?" लोकांनी विचारलं.

"नैवेद्यातच असणार, अजून कुठे?"

सगळ्यांनी मोदकांकडे बघितलं. मग आईकडे. काल ज्या बायका आईच्या मागे लागलेल्या, त्या दोन पावलं मागे सरकल्या, देवाशप्पथ!

"वहिनी, सोवळ्यात करता ना सगळं?" काकांनी विचारलं. "उद्या बघू. नाहीतर महाप्रसादाचं मिठाईवाल्याला सांगावं लागेल."

आई तडक निघाली. घरी येऊन नारळ खोवायला बसली, पण विळीचा आवाजच येईना. खोवतच नव्हती ती. नुसती बसलेली.

आता तुम्ही काय केलं असतं? मी पिंजरा काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा पंपरूमच्या मागे सारण लावून बसलो. आरतीची वेळ होत आली तेव्हा कुठे सापडला! टिळा बघतो तर मागमूस नाही. म्हटलं, बरं झालं वेळेत धरला, पूर्ण गेला की रंग! यावेळी दोन हात मारले. पठ्ठ्या असा उड्या मारत होता की नेलपॉलिश त्याला कमी आणि माझ्या बोटांना जास्त. पण टिळा कसा? झगझगीत!

तिथेच सोडला आणि त्याच ओल्या बोटांनी पळत जाऊन मोदकांचं ताट मांडलं. आरती सुरू झाली. मखरामागून साहेब आले. टिळा झगझगीत. सगळ्यांचे हात जोडलेले, आईच्या डोळ्यांत पाणी. मी मनात म्हटलं, शाब्बास रे पठ्ठे.

आणि त्याच्या मागून दुसरे साहेब आले. टिळा पुसट.

दोन!

म्हणजे मी रंगवला तो भलताच कोणीतरी! साधा, रस्त्यावरचा, ज्याचा देवाशी काही संबंध नाही असा उंदीर!

"जोडी आवी गई!" शहा आंटी किंचाळल्या. "गणपती बाप्पा मोरया!" सगळं पार्किंग दणाणलं.

पण परब काका मोरया म्हणाले नाहीत. ते ताटातल्या एका मोदकाकडे बघत होते. मोदकावर लाल डाग. आणि तेवढ्यात आरतीचं ताट माझ्यापुढे आलं. सवयीने मी दोन्ही हात ज्योतीवर धरले.

"थांब," काकांनी मनगट पकडलं. "ही बोटं लाल कशाने?"

मोरया थांबला. एक झांज वाजली, वाजवणाऱ्याने ती पण घाईघाईने धरली.

"नेलपॉलिश दिसतेय," काका म्हणाले. "उंदराच्या कपाळावर तोच रंग. म्हणजे मोदक खपवायला मायलेकांनी मिळून देवाच्या दारात नाटक केलं?"

मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा पांढरा फटक. मला पहिल्यांदाच कळलं, की आता माझं काही झालं तरी चालेल, पण हिच्यावर नको. आणि माझं डोकं गणितात चालत नाही, पण खोटं बोलण्यात? मेरिट!

"काका, उंदराचं मला माहिती नाही," मी म्हणालो. "ही माझी आहे. मला लावायला आवडते."

"काय आवडते?"

"नेलपॉलिश."

मागे आमची पोरं उभी होती. त्यांच्यातून असा आवाज आला ना, जसा टायरमधून हवा निघते.

"घरात लपून लावतो," मी पुढे रेटलं. "मोदक मांडताना ओलीच होती, म्हणून डाग पडला. आणि काका, जिवंत उंदराच्या कपाळाला कोण टिळा लावणार? तुम्ही लावून दाखवा."

लोक विचारात पडले. "बरोबर आहे," एक आजोबा म्हणाले. "उंदीर काय गप बसतो होय?"

पण काका ऐकतायत? "नखांना लावतात का अशी बोटभर फासतात?"

"शिकतोय अजून."

"मग लावून दाखव. इथेच. सगळ्यांसमोर."

ताई तर टपूनच उभी होती. पळत वर गेली आणि बाटली घेऊन आली. बाटली हातात देताना माझ्या कानात बोलली, "माझी चोरलीस ना? आता लाव."

शहा आंटींनी हात पुढे केला. "ले बेटा, मेरे को लगा."

बसलो खाली मांडी घालून. बाप्पा समोर, बिल्डिंग भोवती, आणि आंटींचा हात माझ्या हातात. आणि काय सांगू, लागली की हो! एक थेंब बाहेर नाही. उड्या मारणाऱ्या उंदराच्या कपाळाला रंग लावलेला माणूस मी, आंटींचं नख काय चीज आहे? आंटींनी बोटं लाइटखाली धरली. "अरे वाह! पार्लर में भी ऐसा नहीं लगाते!"

परब काकू उठल्या. नवऱ्याकडे न बघता माझ्यासमोर येऊन बसल्या. "माझ्या पण लाव रे."

काकांचा विषय तिथेच मिटला. स्वतःच्या बायकोची नखं लाल होत असताना माणूस काय चौकशी करणार? तेवढा डागवाला मोदक बाजूला काढला, दोन्ही उंदरांचा जयजयकार झाला, आणि महाप्रसाद आईचाच ठरला. दुसऱ्या दिवशी मोदक कमी पडले. आईने कारखान्यात फोन करून सांगून टाकलं, येत नाही म्हणून. फोन ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात फिरवला.  पदराआड हसत होती, मी बघितलं ना!

आता म्हणाल, मग यात फजिती काय? ऐका की.

विसर्जनाच्या आधी शहा आंटी वर आल्या. हातात नवी कोरी बाटली. "तूने सबको लगाया, तेरे को किसने लगाया? बैठ." नाही कसं म्हणणार? आवड आहे ना मला! सगळ्या बिल्डिंगसमोर सांगितलेलं! दहाच्या दहा नखं गुलाबी. वर चमकी. रिमूव्हर मागायला ताईकडे गेलो, तर म्हणाली संपला. संपला नव्हता. तिच्या पर्समध्ये होता.

ढोल लागले. पोरं हात वर करून नाचतायत, गुलाल उडतोय, आणि मी सगळ्या मिरवणुकीत दोन्ही मुठी गच्च आवळून नाचतोय. माझा दोस्त चिराग शेजारी आला. "काय भाई, मुठी कशाला आवळल्यास? कोणाला मारायचंय?"

"आहे एक उंदीर," मी म्हटलं. "सतरा वर्षांचा."