एक्केचाळीस नंबरचा दिवा

पद: वरिष्ठ प्रणाली सहायक. वय: सत्तावन्न. सेवा: एकोणतीस वर्षे. कामाचे स्वरूप: औषध-वितरणाच्या संगणकावरील जुन्या प्रोग्रॅमची देखभाल. स्वभाव: बदलास प्रतिकूल. सदर कर्मचारी नोंदी ठेवत नाही.

हातातल्या इशारापत्रातलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि बाईंची कानशिलं तापली.

ऑफिसात त्यांना दिवेबाई म्हणत. त्यांच्या प्रोग्रॅमच्या जुन्या संगणकभाषेत हो की नाही एवढंच लक्षात ठेवायला एक ते नव्व्याण्णव अशा खुणा मिळतात. लोक त्यांना इंडिकेटर म्हणतात, बाई दिवे म्हणत. लागला तर हो, विझला तर नाही. गोची एवढीच की दिव्याला नाव नसतं, नुसता नंबर असतो, आणि अख्खा प्रोग्रॅम त्याच नव्व्याण्णवांवर गुजराण करतो. म्हणून बाईंनी लाल पुठ्ठ्याची वही केली होती: कुठला दिवा कशाचा, कुठे लागतो, कुठे विझतो. एका दिव्याला एकच काम, हा त्यांचा कायदा. एक्केचाळीस लागला म्हणजे माल थंड ठेवायचा.

बहिणीच्या ऑपरेशनसाठी बाई पंधरा दिवस रजेवर गेल्या, आणि साहेबांना ऑफिस चकाचक करायची लहर आली. लाल वही कागद कातरायच्या मशीनमधून गेली. त्याच आठवड्यात, पत्ता बदललेल्या दवाखान्यांची वेगळी चिठ्ठी छापायचं काम साहेबांनी बाहेरच्या प्रोग्रॅमरला दिलं. तो बाईंच्या हाताखाली तीन महिन्यांपुरता आलेला, म्हणून त्याचं नाव पाहुणा. पाहुण्याला मोकळा दिवा हवा होता. एक्केचाळीस प्रोग्रॅमच्या पहिल्या दोनशे ओळींत कुठे दिसला नाही. त्यापुढे वाचायचा त्याला कंटाळा आला. त्याने तो वापरला आणि काम झाल्यावर शहाण्यासारखा विझवला. मग थंड मालाच्या चिठ्ठीवर 'थंड ठेवा' छापलंच गेलं नाही. लशींची बारा खोकी साध्या ट्रकमधून दिवसभर उन्हात फिरली आणि शेवटी कचऱ्यात गेली. ठपका आला रजेवरून परतलेल्या बाईंवर.

"वापरून झाला की विझवावा, हे तुम्हीच शिकवलंत ना, ताई?" पाहुणा कुरकुरला.

"आपण लावलेला विझवावा म्हटलं होतं! शेजाऱ्याच्या घरात शिरून त्याचा नाही!"

बाई तो कागद घेऊन तडक साहेबांच्या खोलीत गेल्या.

"सही करून टाका हो," साहेब म्हणाले. "नुसता इशारा आहे. चौदा महिन्यांत निवृत्त होताय, कशाला डोक्याला ताप?"

"एकोणतीस वर्षांच्या कागदांत शेवटचा शेरा हाच राहणार ना? नोंदी ठेवत नाही? माझी वही कुठेय?"

"कुठली वही?"

"जिच्यावर तुम्ही चहाचा कप ठेवायचात ती. गोल डाग होता तिच्यावर."

"अहो, जुनं बाड होतं ते. आता आपण कागदमुक्त झालोय."

"मग हा इशारा कशावर छापलात? केळीच्या पानावर?"

साहेबांनी फोन उचलला. फोन वाजला नव्हता.

बाई तरातरा जिना उतरून तळघरातल्या स्टोअरमध्ये गेल्या. कातरलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करायची आणि काढणाऱ्याने सही करायची, असा कंपनीचा नियम होता. कागदमुक्तीची यादी अकरा पानांची निघाली. तिसऱ्या पानावर, सातवी ओळ: 'वही, लाल, जीर्ण, नग एक.' शेजारी साहेबांची वळणदार सही, खाली दोन टिंबं.

स्टोअरकीपरने झेरॉक्स काढून दिली. "बाई, जपून हं. साहेब आहेत ते."

"मीही एकोणतीस वर्षं जपूनच होते," बाई म्हणाल्या. स्टेपलर इतक्या जोरात हाणला की पहिली पिन वाकली. खुलाशाच्या रकान्यात त्यांनी चारच शब्द लिहिले: 'ठेवल्या होत्या. पुरावा सोबत.' इशाऱ्यावर सही केली नाही.

दहा दिवसांनी आदेश आला. 'दिलेला इशारा मागे घेण्यात येत आहे. घडल्या प्रकारास कोणीही व्यक्तिशः जबाबदार नाही. तथापि सदर कर्मचाऱ्याने यापुढे सर्व खुणांची नोंद वहीत अद्ययावत ठेवावी, यात कसूर होता कामा नये.'

बाईंनी त्याच दिवशी स्टोअरकडे मागणीपत्र भरलं: वही, लाल, नग एक. त्यावर साहेबांची सही लागते. ती अजून झालेली नाही.