चारी चांगल्या

"आरं चारी चांगल्या हायती, खलफ! म्या सोता बत्ती लावून बघितल्या. पुढची उजवी चांगली, पुढची डावी चांगली, मागच्या दोन्ही चांगल्या. कारखान्यानं मारलेलं वेल्डिंगचं ठिपकं जसंच्या तसं हायती."

"मग अमेरिकेनं तिला भंगारात कशापायी काढली? पैसा उतू चाललाय व्हय त्यांच्याकडं?"

"त्येच तर कळंना मला."

"कळंना तर सोड की. आन् वर ये. मागं तीन गाड्या खोळंबल्यात."

अताल्ला गाड्या तपासायच्या खड्ड्यातून वर आला आणि हात पुसत गाडीभोवती पुन्हा एक फेरी मारून आला. सकाळपासूनची ही पाचवी फेरी. दोन दारांची, पिवळीधमक, बसकी स्पोर्ट्स कार. अंगावर ओरखडा नाही. आणि तिच्या अमेरिकन कागदावर मात्र आडवा शिक्का: 'सॅल्व्हेज'. म्हणजे भंगार. विमावाल्यांनी हात झटकलेली.

आमच्या झर्क्यात, जॉर्डनमध्ये, गाडी विकायची म्हणजे आधी ती अताल्लाच्या खड्ड्यावर चढवावी लागते. सोयरीक जमवताना घराण्याची चौकशी करावी, तशी इथं चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याची, चौकशी होते. इंजिन कसं हे कोणी विचारत नाही. चांगल्या चासी किती, एवढंच विचारतात; गाडीच्या चार टोकांच्या चार चासी धरतात. चारी टोकं चांगली असली की माणूस डोळे मिटून बयाणा देतो. एका टोकाला ठोकर निघाली की त्याच गाडीकडं मेल्या जनावराकडं बघावं तसं बघतात. बावीस वर्षं अताल्ला खड्ड्यात मान वर करून उभा राहिला आणि वर बसून कागद लिहिणाऱ्या खलफला टोकं सांगत राहिला. इतकी वर्षं मान तशीच ठेवल्यानं ती आता सरळ होत नाही. भाकरीच्या दुकानात उभा राहिला तरी तो छताला काही विचारतोय असं वाटतं. त्यानं मोडलेले सौदे मोजायचे म्हटले तर रात्र पुरायची नाही. लोक त्याला तोंडावर अबू दिरार म्हणत, म्हणजे दिरारचा बाप, आणि पाठीमागं सौदामोड्या. लाच घेत नाही, हे मात्र शिव्या देणारेही कबूल करायचे.

एवढ्या गाड्या पाहिल्या, पण सगळ्या बुडाकडून. स्वतःची गाडी म्हणावी तर एक जुना पिकअप, तोही चार वर्षांपूर्वी बसला. आता बापाच्या जैतुनाच्या झाडांचा वाटा भावाला देऊन हातात थोडे दिनार आले होते. पुन्हा येणार नव्हते. आणि नेमकी त्याच आठवड्यात परदेशी जुन्या गाड्या उतरतात त्या फ्री झोनच्या वाटेवर, गाड्या विकणाऱ्या हिक्मतच्या आवारात ही पिवळी दिसली.

"अबू दिरार, किती घिरट्या घालशील?" हिक्मत पलीकडं उभा राहून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. टरफलं बुटावर पडत होती. "चोरीला गेलेली गाडी हाय ही. विमावाल्यांनी मालकाला पैसं चुकतं केलं, आन् मग म्हैन्याभरानं गाडी घावली. आता ती भंगारातच दाखवणार न्हवं? त्यांची रीतच हाय तशी."

"असं व्हतं?"

"धा वर्षं हाच धंदा करतोय मी. आन् तुझ्या सहीचा कागद हाय आता. तुझाच तुला भरवसा न्हाय?"

खलफनं कागदावर ठप्पा मारला. चारही रकान्यांत 'चांगली'. खाली शेऱ्याची ओळ होती; ती नेहमीसारखी कोरीच. बावीस वर्षांत त्या ओळीवर कोणी काही लिहिलेलं खलफला आठवत नव्हतं.

अताल्ला जाता जाता आत बसला. सीट खाली होती, पाय लांब गेले, समोरचं बॉनेट संपतच नव्हतं. आरशाला मोगऱ्याच्या वासाची चार-चार कार्डं लटकवली होती. डोकं दुखावं इतका वास. हिक्मतचा शौक, म्हणून त्यानं सोडून दिलं.

त्या दिवसापासून त्याचं कशात चित्त लागेना. दुपारी त्यानं मागची डावी म्हणून मागची उजवी सांगितली, आणि भलत्याच माणसाच्या गाडीला ठोकर लागली. तो माणूस खलफच्या अंगावर धावून आला. कागद दोनदा लिहावा लागला. "तुझी चासी बघाया पायजे आता," खलफ म्हणाला. "पुढची वरची गेलीय."

घरीही तेच. जेवताना टोमॅटोच्या कालवणात भाकरी बुडवायची सोडून तो कालवणाचा दांडीचा तवा पुढं-मागं सरकवत बसला. गिअर टाकावा तसा. बायकोनं, रसमियानं, तवा ओढून घेतला.

"दिरारच्या बा, त्या पिवळ्या सवतीला आणायची तर आणा एकदाची. पण घरात पाय न्हाय आन् ध्यान न्हाय, हे म्या खपवून घ्यायची न्हाय."

"चारी चांगल्या हायती गं."

"मग घ्या की."

"शिक्का हाय."

"मग सोडा की!"

"कशापायी मारला असंल शिक्का?"

रसमियानं कपाळावर हात मारला. "मला इचारून मारलाय व्हय त्यांनी? हिकडं घेऊ का नको, तिकडं घेऊ का नको. न्हात्या म्हशीवानी झालंय तुमचं, आत बी न्हाय आन् भायेर बी न्हाय. उद्या मंगळवार, आपल्या गल्लीची पाण्याची पाळी. सकाळी टाकी घासा आधी. तळाला चिखुल साचलाय."

आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी. त्या दिवशी आळस केला तर पुढचे सहा दिवस शेजाऱ्याच्या दारी हंडा. अताल्ला फडकं आणि खराटा घेऊन गच्चीवर चढला. टाकीचं झाकण काढून कमरेपर्यंत आत वाकला. डोकं मात्र फ्री झोनच्या वाटेवरच. चोरीची असंल. तसंच असंल. हिक्मत लबाड आहे, पण चासी कशी लबाडी करील?

टाकीच्या भिंतीवर, पाणी जिथवर उभं राहतं तिथं, एक तपकिरी रेघ होती. त्यानं खराटा चालवला. रेघ जाईना. तळाच्या गाळाला हात घातला तसा वास उठला: कुंद, मातकट, बंद पाण्याचा.

अताल्ला तसाच वाकून राहिला.

हा वास त्यानं परवाच घेतला होता. मोगऱ्याच्या वासाखाली.

"काय वो, अडकला का आत?" खालून रसमिया ओरडली.

"बोलू नगंस जरा!"

आमच्या मुलखात गाडी कशानं मरते? ट्रकच्या धडकेनं मरते, उंट आडवा आला म्हणून मरते, वाळूनं झिजून मरते. पाण्यात बुडून मेलेली गाडी झर्क्यात कोणी पाहिलीय? जिथं माणसाला आंघोळीला पाणी पुरत नाही, तिथं गाडी बुडेल हे कोणाच्या बापाच्या ध्यानात येणार! पाण्यानं चासीला काही होत नाही. हाडं तशीच राहतात. आणि आम्ही हाडं चांगली बघून उभ्या उभ्या मढी विकत घेतो.

बुधवारी कामावर जायच्या आधी तो हिक्मतच्या आवारात पोचला. बॉनेट उघडलं नाही, खाली वाकला नाही. दार उघडलं, शेजारच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढू लागला. एक हात, दोन हात, पार शेवटापर्यंत. वरचा पट्टा धुतलेला, काळाशार. आतला, जो एरवी कधी बाहेर येत नाही, त्यावर तपकिरी रेघ. बोटांना बारीक रेती लागली. पट्टा त्यानं स्वतःच्या अंगावर लावून पाहिला. रेघ छातीवर आली.

हिक्मत चहाचा पेला घेऊन आला तो तिथंच थांबला.

"कुठल्या नदीत व्हती?" अताल्लानं विचारलं.

"मला काय ठावं? चालती न्हवं? सुरू करून दावू?"

"आज चालती. वरीसभरानं आतल्या तारा सडल्या, आन् जेराशच्या उतारावर बिरेक न्हाय लागला तर?"

"बरं, किंमत पाडतो. अर्ध्यात घे."

अर्ध्यात! अताल्लाचा हात पुन्हा त्या पिवळ्या पत्र्यावर गेला, उन्हानं तापला होता. अर्धे दिनार उरले असते. तारा आपल्याच हातानं बदलल्या असत्या. एक वर्ष तरी पळाली असती की. हात तिथंच राहिला, आणि हिक्मतचा चहाचा पेला ओठाशीच थांबला.

"नगं," शेवटी अताल्ला म्हणाला. नाक ओढलं आणि हात खिशात घातला.

"तर नगं." हिक्मतनं खांदे उडवले. "दुसरा घेईल. आज दुपारीच येतोय, इर्बिदचा, नवं लगीन झालेला. तुझ्या सहीचा कागद दावला की झालं. चारी चांगल्या!"

हे ऐकलं आणि अताल्लाची मान, कधी नव्हे ती, खाली आली. कागद काचेमागं चिकटवलेला होता. त्यानं दारातून आत हात घालून तो ओढून काढला.

"ए! माझा कागद हाय त्यो!"

"सही माजी हाय."

बॉनेटवर कागद ठेवून त्यानं त्या कोऱ्या ओळीवर ठळक लिहिलं: पाण्यात बुडालेली, छातीपर्यंत. खाली पुन्हा सही केली आणि कागद हिक्मतच्या हातात दिला.

"फाडलास तरी चालंल. हापिसातल्या परतीवर बी लिवणार हाय."

"सौदामोड्या!" हिक्मत मागून ओरडत राहिला. "बुडून मर! कोण आणतंय तुझ्याकडं गाडी ते बघतो!"

खड्ड्यावर पोचला तेव्हा रांग लागली होती. खलफनं काही विचारायच्या आत त्यानं फाईल मागितली, शेऱ्याची ओळ भरली आणि फाईल परत केली. खलफनं वाचलं. मग हळूच म्हणाला, "म्हंजी आजपातूर आपण ज्या ज्या चांगल्या लिवल्या..."

"व्हय."

दोघांनीही फाईलींच्या कपाटाकडं बघितलं. एवढं मोठं कपाट.

"चाचा, घाई हाय," पहिल्या गाडीवाल्यानं काचेतून डोकं काढलं. "चासी तेवढी बघा."

अताल्लानं त्याचं दार उघडलं आणि सीट बेल्ट ओढायला लागला. माणूस बावचळला. "बेल्टात चासी असती व्हय?"

"उतर. च्या पी तवर."

पट्टा शेवटापर्यंत कोरडा, स्वच्छ निघाला. त्यानं तो सोडला, सर्रकन आत गेला. मग बत्ती घेतली आणि पायऱ्या उतरून खड्ड्यात गेला. नेहमीसारखी मान वर.

"पुढची उजवी," खालून आवाज आला. "ठोकर. लिव."