शेवटचं मिनिट

१४ मार्च. मी एसीचे फिल्टर धूत होते, तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले उंच अमेरिकन गृहस्थ दारात वाकून उभे राहिले. हातातल्या व्हिडिओ कॅसेटमधून टेप बाहेर लोंबत होती.

तरुणपणी ते कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होते. त्यातल्या एका मोसमाचे सामने ते दर हिवाळ्यात आठवड्याला एक असे क्रमाने बघतात आणि आदल्या दिवशी लिफ्टमध्ये इथल्या अरबांसारखं मला सांगतात, "उद्या जिंकू, इन्शाल्ला." चाळीस वर्षांपूर्वी लागलेल्या निकालाला इन्शाल्ला म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

ही कॅसेट अंतिम सामन्याची होती. टेप नेमकी शेवटच्या मिनिटाला चुरगळली होती.

"तेवढी कापून जोडता येईल," मी म्हणाले, "पण ते मिनिट जाईल."

त्यांनी चुरगळलेली टेप बोटाने सपाट करून पाहिली.

"त्याच मिनिटात माझा चेंडू हुकतो आणि आम्ही हरतो," ते म्हणाले. "यल्ला, चला मॅडम, कापा."

मी कापली आणि चिकटपट्टीने नीट जोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुकडा कचऱ्यात टाकून मी कामाला निघाले. लिफ्टमध्ये ते भेटले.

"कॅसेट संपली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो," ते म्हणाले.

मी त्यांचं अभिनंदन केलं.