कालवणावरची मालकी

माझा नवरा बोईसरला औषधांच्या एका छोट्या कारखान्यात केमिस्ट होता. लग्न होऊन मी कऱ्हाडकडून तिथे आले. त्याच्या कपड्यांना येणाऱ्या वासाची सवय व्हायला मला वर्ष गेलं आणि मासळीच्या वासाची व्हायला त्याहून जरा जास्त. ती सवय लावली शिरगावच्या एका मावशीने. सोमवार-गुरुवार सोडून रोज सकाळी ती पाटी घेऊन आमच्या चाळीत यायची. पहिल्यांदा मी बोंबील हातात धरला आणि तो सुळकन निसटून मोरीत गेला, तेव्हा ती पायरीवर बसून इतकी हसली की शेजारणी बाहेर आल्या. मग आत येऊन तिनेच मला कालवण शिकवलं.

नव्वदीच्या सुरुवातीला गॅट या जागतिक व्यापार कराराची चर्चा सुरू झाली आणि नवरा अगदी झपाटून गेला. युनियनने दिलेले कागद तो जेवतानाही वाचायचा. प्रक्रिया पेटंट, उत्पादन पेटंट हे शब्द मी भाकरी थापताना इतक्यांदा ऐकले की पाठ झाले, कळले मात्र नाहीत. कारखान्याच्या गेटवर त्याने कामगारांना तो करार तासभर समजावला आणि त्याविरुद्धच्या मोर्चाला यायला सांगितलं. शेवटी एक भय्या उठून म्हणाला, "साहब, उस दिन छुट्टी मिलेगी क्या?" त्या संध्याकाळी जेवताना त्याने कागद उघडले नाहीत.

एका रविवारी मावशी आली तेव्हा तो दारातच कागद पसरून बसला होता.

"भाऊ, परीक्षा हाय का तुमची?" तिने विचारलं.

त्याला कुणीतरी विचारायचाच अवकाश होता. आज आपल्याकडे औषध बनवायच्या रीतीवर हक्क मिळतो, वेगळ्या रीतीने तेच औषध कुणी बनवलं तर गुन्हा नाही, आणि आमचा कारखाना त्यावरच चालतो, हे त्याने सांगितलं. नव्या कराराने हक्क औषधावरच जाणार, रीत कुठलीही असो. मावशी ऐकत होती. मग माझ्याकडे वळली.

"म्हंजे बग बाय, बोंबलाचं कालवण मी चिंच घालून करते. तू कैरी घालून करतेस. आज तुला कोन बोलत नाय. उद्या तिकडचा कोनी येल नि सांगंल, कालवणच माजं हाय. मंग तू कैरी घाल नायतर कोकम घाल, तुजी चूल बंद. असंच ना भाऊ?"

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. "असंच," तो म्हणाला.

"आमचं बी तसंच चाललंय," ती म्हणाली. "परदेशी जहाजांना आमच्या दर्यात सोडतायत. ती खालपासून सगळं खरवडून नेनार. आमची पोरं काय धरनार, पानी?"

दोघं बोलत बसले. पाटीतल्या मासळीवर माशा बसायला लागल्या, तेव्हा कुठे ती उठली.

पुढच्या महिन्यात पालघरच्या तहसील कचेरीवर मोर्चा निघाला. किनाऱ्यावरच्या बायका होत्या, कारखान्यांतले कामगार होते, माकुणसारकडचे काही बागायतदारही आले होते. मीही गेले, कारण नवरा भाषण करणार होता आणि त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. त्याच्या हातात चार पानं होती. दुसऱ्या पानावर लोक आपापसात बोलायला लागले. शेंगदाणेवाला गर्दीतून फिरू लागला. नवऱ्याचा आवाज बारीक होत गेला आणि मला वाटलं, उठावं आणि त्याला हाताला धरून घरी न्यावं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून मावशी उभी राहिली. "भाऊ, तुमी दमलाव. बसा. मी सांगते."

सगळे हसले. माझे कान तापले. पण नवऱ्याने खरोखरच माईक तिच्या हातात दिला, वर तो कसा धरायचा तेही दाखवलं.

तिने कालवणच सांगितलं. चिंच, कैरी, चूल, मग जहाजं. तिचा आवाज बंदरावरचा, माईक नसता तरी चाललं असतं. बायका माना डोलवायला लागल्या. तो छुट्टी विचारणारा भय्या शेजाऱ्याला सांगत होता, "मतलब तरीका नहीं, माल ही उनका." नवरा खाली, कोळणींच्या पाट्यांच्या मधे मांडी घालून बसला होता. आपलं भाषण पडलं याचं त्याला दुःख होईल असं मला वाटलं होतं. तो मात्र आपली पोर पहिली आल्यासारखा हसत होता. त्या दिवशी मला तो फार आवडला.

करार व्हायचा तो झालाच. जहाजांविरुद्ध मात्र किनाऱ्यावरची माणसं लढत राहिली, किती वेळा बोटी बंद ठेवल्या, आणि काही वर्षांनी त्या जहाजांचे परवाने थांबले. त्या दिवशी मावशी संध्याकाळी आली, पाटीशिवाय, डोक्यात अबोलीचा गजरा माळून.

"आमची जहाजं थांबली, भाऊ. तुमचं काय?"

"आमचा करार तर केव्हाच मंजूर झाला, मावशी. कायदा बदलायला थोडी वर्षं मुदत आहे, एवढंच."

"मुदत हाय ना? मंग बसून काय राहिलाव?"

नवरा हसला आणि उठून स्वतः चहा ठेवायला गेला. चहात साखर दोनदा पडली होती. मी पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. मावशीने मात्र तो बशीत ओतून, फुंकर मारत, शेवटपर्यंत प्यायला.